नातीचं विमान आणि आजीचं दिग्व्रत



मे महिन्यात आमची नात शाळेच्या सहलीबरोबर अमेरिकेला जाऊन आली. नववीची परीक्षा झालेली, वय पंधरा. न्यूयॉर्क बघायचं, मग फ्लोरिडातलं केनेडी अवकाश केंद्र, दहा दिवसांत घरी. आजकाल बऱ्याच शाळा अशा सहली काढतात. तुमच्यापैकी काहींच्या घरी असं पत्रक आलंही असेल.

आमच्या घरी पत्रक आलं तेव्हा सगळ्यात आधी "नको" म्हणाले ते मीच. मुलगा पैशाचं गणित करत होता, सूनबाई व्हिसाची कागदपत्रं बघत होती, हे तर नातीला नकाशा उघडून दाखवत होते. मी स्वयंपाकघरातूनच म्हणाले, "एवढ्या लांब, एकटी पोर, खाणार काय? आणि दिवसाचं जेवण कसं सांभाळणार?" नात काही बोलली नाही. उठून आतल्या खोलीत गेली.

रात्री झोप येईना. कारण माझे शब्द माझे नव्हतेच. ते माझ्या आज्जीचे होते, एकोणीसशे एकोणऐंशी सालचे.

माझं माहेर जयसिंगपूरचं. मी सांगलीला बी. कॉम. करत होते. कॉलेजची सहल दिल्ली-आग्र्याला निघाली. आज्जी म्हणाली, "एवढ्या लांब, एकटी पोर, खाणार काय?" सहल गेली, मी राहिले. मैत्रिणी परत येऊन आठवडाभर ताजमहालाच्या गोष्टी सांगत होत्या आणि मी हसून ऐकत होते. आज्जीवर राग नव्हता, आजही नाही. पण तेच वाक्य माझ्या तोंडून जसंच्या तसं निघालं याची मला भीती वाटली.

आज्जीचं दिग्व्रत होतं. पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर. या चौकटीबाहेर पाऊल टाकायचं नाही. तिनं त्यातली निम्मी ठिकाणंही पाहिली नव्हती, पण मर्यादा मात्र आखलेली. आपल्या श्रावकांच्या बारा व्रतांत पाच अणुव्रतं, तीन गुणव्रतं, चार शिक्षाव्रतं. गुणव्रतांत पहिलं दिग्व्रत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे अतिचार सांगितलेत. वरच्या दिशेची मर्यादा ओलांडणं, खालच्या दिशेची ओलांडणं, तिरकी ओलांडणं, लोभानं क्षेत्र वाढवून घेणं, आणि आखलेली मर्यादाच विसरून जाणं. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत उदाहरणं दिली आहेत. वर म्हणजे डोंगर वगैरे चढणं, खाली म्हणजे विहिरीत उतरणं, तिरकं म्हणजे बिळात-गुहेत शिरणं. विमान कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तरी "वर"चा विचार आपल्या आचार्यांनी करून ठेवला होता.

त्या रात्री ठरवलं, आधी हिशोब बघायचा, मग हो किंवा नाही. वाणिज्य शाखेची सवय आहे, जुन्या वह्या काढल्याशिवाय नवी नोंद करवत नाही. आपल्या माणसांनी आजवर इतक्या लांबचा प्रवास कसा केला, काय खाल्लं, काय सोसलं, ते वाचत गेले. तेच आज तुम्हाला सांगते.

आपल्या मराठी मुलींत इतक्या लांब शिकायला गेलेली पहिली म्हणजे आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्या जहाजात बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. मोजून ५८ दिवस. वय अठरा. नवरा बरोबर नाही, सोबतीला मिशनरी बायका, आणि त्या वाटेत धर्म बदलण्याचा विषय काढत राहणाऱ्या. आनंदीबाई शाकाहारी. जहाजावरच्या स्वयंपाकात त्यांच्या पानात काय पडत असेल ते आपण बायकांना सांगायला नको. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत उभं राहून त्यांनी आपण अमेरिकेला का जातो ते इंग्रजीत सांगितलं होतं. जाईन ती हिंदू म्हणून आणि परतेन ती हिंदू म्हणूनच, हा त्यांचा निर्धार होता, आणि तो त्यांनी पाळला. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी २६ फेब्रुवारीला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती.

आनंदीबाईंनंतर दहा वर्षांनी, १८९३ साली, शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला आपले वीरचंद राघवजी गांधी गेले. सौराष्ट्रातल्या महुव्याचे, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे पदवीधर. खरं निमंत्रण होतं आचार्य विजयानंदसूरी म्हणजे आत्मारामजी महाराजांना. पण साधूंना वाहन वर्ज्य. मग महाराजांनी या एकोणतीस वर्षांच्या श्रावकाला तयार करून पाठवलं. वीरचंदभाई जाताना सोबत आपला माणूस घेऊन गेले, स्वयंपाकासाठी! आचार सांभाळून समुद्र ओलांडता येतो हे त्यांना दाखवायचं होतं. तरी परतल्यावर समाजातल्या काहींनी विरोध केलाच. महाराज मात्र पाठीशी उभे राहिले. मला सगळ्यात आवडलं ते हे, की या गृहस्थांनी अमेरिकेत भारतातल्या स्त्रियांच्या शिक्षणासाठी एक संस्था उभी केली. स्वतःचं आयुष्य अवघं ३६ वर्षांचं, १९०१ साली संपलं.

आता आपल्या जवळचं नाव, सोलापूरचे वालचंद हिराचंद. १८८२ चा जन्म, आपल्याच दिगंबर समाजातले. त्यांच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं. इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला दिलेलं ते उत्तर होतं. जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेलं. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात तो याच प्रवासामुळे. आणि वीस वर्षांनी, १९३९ साली, अमेरिकेहून परतताना पॅसिफिक महासागरावरच्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी पडली. विमानातल्या गप्पांतून विमानाचा कारखाना काढायचं ठरलं! डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या मदतीनं बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू झाली, आजच्या एचएएलची ती सुरुवात. समुद्रही आणि आकाशही, दोन्हीकडे पहिल्या रांगेत एक जैन गृहस्थ. हे मी नातीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आज्जी, हे आम्हाला शाळेत नाही शिकवलं." म्हटलं, "म्हणून तर घरात आज्जी असते."

विमानाचा हिशोबही बघा. १९२९ साली लंडन ते कराची विमानसेवा सुरू झाली तेव्हा पोचायला आठवडा लागायचा, मध्ये एका टप्प्यात आगगाडीही होती. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एकट्यानं छोटं विमान जुहूला आणलं. स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत दोन दिवसांनी लंडनला पोचलं. त्यात होते राजे-महाराजे, बडे लोक. शाळकरी पोरांचं तिथे काय काम? विद्यार्थी तेव्हा बोटीनंच जायचे, दोन-तीन आठवडे लाटा मोजत.

मग इकॉनॉमी आली कशी? १९५२ साली अटलांटिकवर स्वस्त दराचा टुरिस्ट वर्ग निघाला आणि १९५८ साली त्याहून स्वस्त इकॉनॉमी. खुर्च्या जवळ जवळ, जेवण साधं. साधं म्हणजे किती साधं, तर कंपन्यांच्या संघटनेचा नियम होता की या वर्गात फक्त सँडविच द्यायचं. स्कँडिनेव्हियन कंपनीनं पावाच्या एका चकतीवर इतकं काही रचून द्यायला सुरुवात केली, की अमेरिकन कंपनीनं तक्रार केली, "हे सँडविच नव्हे, हे जेवण आहे!" त्यावर बैठका झाल्या, दंडही झाला. वाचताना मला हसू आवरेना. पानात काय वाढावं यावर वाद फक्त आपल्याच घरी होतात असं नाही.

१९६० साली एअर इंडियाची जेट विमानं न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली, १९७१ साली जम्बो आलं. एका विमानात तीनशे-साडेतीनशे माणसं मावू लागली, तशी तिकिटं खाली आली. महाराजांचं आकाश हळूहळू मास्तर-कारकुनांच्या पोरांसाठी उघडलं.

आपल्या धर्मात मात्र प्रश्न सुटला नव्हता. १९७० साली मुनी चित्रभानू जिनिव्हाच्या आध्यात्मिक परिषदेला विमानानं गेले तेव्हा मुंबईत केवढा गदारोळ झाला होता! १९७५ साली आचार्य सुशीलकुमार गेले, तेव्हाही चर्चा. आचार्य तुलसींनी १९८० साली समणी वर्ग सुरू केला. त्यांना वाहनानं जाता येतं, म्हणून परदेशातल्या समाजापर्यंत धर्म पोचला. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवण्याची माझी योग्यता नाही. पण एवढं कळलं, की जाणाऱ्या प्रत्येकाला आपल्या समाजानं आधी अडवलं, मग विचार केला, मग वाट काढली. माझ्या घरात मी निदान पहिली पायरी तरी लवकर ओलांडावी असं वाटलं.

सकाळी नातीला म्हणाले, "जा. पण आपण दोघी बसून तयारी करू."

तिनं पहिलाच प्रश्न असा विचारला की मी गप्प. "आज्जी, विमानात सूर्यास्त कधी धरायचा? मुंबईचा की खिडकीतला?"

विमान मुंबईहून पहाटे साडेचारला. आखातात साधारण सहाला पोचायचं, तिथून साडेआठला दुसरं विमान, चौदा तास सलग, आणि न्यूयॉर्कला उतरायचं दुपारी अडीचला. आम्ही वहीत मांडलं. एकूण साडेएकोणीस तास. विमान पश्चिमेला, सूर्याच्या मागे मागे धावणार. मुंबईत सात वाजता दिवेलागण होईल तेव्हा ही कुठेतरी आइसलंड-ग्रीनलंडच्या बाजूला असेल आणि खिडकीबाहेर लख्ख ऊन. म्हणजे दुसऱ्या विमानात सूर्य मावळणारच नाही!

मंदिरात स्वाध्याय घेणाऱ्या पंडितजींना विचारलं. ते म्हणाले, "जिथे देह, तिथला सूर्य." मग हसून पुढे म्हणाले, "पण सूर्य मावळत नाही म्हणून चौदा तास खात बसायचं नाही, बरं का." नातीनं स्वतःच नियम केला. दोन वेळा जेवायचं, मध्ये फक्त पाणी. मला हा नियम पंडितजींच्या उत्तराइतकाच आवडला. रात्रिभोजनत्याग घड्याळासाठी नसतो, जिभेला वळण लावण्यासाठी असतो, हे पंधरा वर्षांच्या पोरीला कळलं होतं.

तिकिटाबरोबर जैन जेवण नोंदवलं. कांदा, लसूण, कंदमूळ काही नसतं. पिशवीत मेथीच्या दशम्या, खाकरे, आणि माहेरच्या पद्धतीचं पण लसूण न घातलेलं भडंग. तुपाची डबी सूनबाईनं काढून ठेवली, तूप म्हणे हातातल्या सामानात पातळ पदार्थ धरतात.

आम्ही राहतो वरसावे नाक्याजवळ. एका बाजूला घोडबंदरचा किल्ला, समोर खाडी, पुलावरून अहमदाबादचा महामार्ग. ज्या खाडीतून एके काळी घोडे उतरायचे तिच्या काठावरून आम्ही रात्री बाराला गाडी काढली. विमानतळावर सगळ्या पोरांचे एकसारखे टी-शर्ट, आयांचे डोळे ओले. नातीनं वाकून नमस्कार केला तेव्हा तिचे हात गार होते. "आज्जी, भीती वाटते," एवढंच कानात म्हणाली. मी म्हटलं, "णमोकार म्हण. आणि वालचंदशेठ आठव."

विमान उडाल्याचं कळेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. परतताना दहिसर, काशीमिरा मागे टाकून वरसाव्याला येतो तो उजाडलं होतं. आणि पुलाच्या दिशेनं, रस्त्याच्या कडेनं, पाच साध्वीजी अनवाणी विहार करत चालल्या होत्या. बाजूनं ट्रक धडधडत जात होते. ह्यांनी गाडी थांबवली. उतरून वंदना केली. एका साध्वीजींचं वय नातीहून फार मोठं नसेल. त्या क्षणी माझी नात दहा किलोमीटर उंचावरून तासाला आठशे-नऊशे किलोमीटर जात होती, आणि ही मुलगी मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघत चालत होती. माझ्या घशात काहीतरी अडकलं. आपण पोरीला पाठवून चूक केली का, हा प्रश्न तेव्हा पुन्हा आला. खरं सांगते, त्याचं पूर्ण उत्तर आजही माझ्याकडे नाही. विमान इंधन जाळतं, हिंसा होतेच. आपण गृहस्थ आहोत, साधू नाही, म्हणून आपल्याला अणुव्रतं आहेत, हेच त्यातल्या त्यात समाधान.

दहा दिवसांनी नात परत आली आणि दोन दिवस फक्त विमानाचंच बोलत होती. अवकाश केंद्र राहिलं बाजूला! तिची खुर्ची मधली. डावीकडे एक जाडजूड काका, झोपेत खांद्यावर कलणारे. उजवीकडे वर्गातली मैत्रीण, जिला चार वेळा उलटी झाली. पुढच्यानं पाठ मागे टेकवली की हिचे गुडघे दाबले जायचे. सहा तास झाल्यावर वाटलं संपत आलं, आणि पडद्यावर बघते तर अजून आठ तास बाकी! तेव्हा तिला रडू आलं. स्वच्छतागृहात जाऊन रडली, तोंड धुतलं, परत आली. मग मैत्रिणीच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला आणि मनात णमोकार म्हणत राहिली. किती झाले मोजले नाहीत म्हणाली. बाई दर दोन तासांनी सगळ्यांना उठवून चालायला लावायच्या, पाय सुजू नयेत म्हणून. खिडकीजवळच्या मुलानं बोलावलं तेव्हा खाली पांढरं शुभ्र बर्फ, आणि त्यावर न मावळणारं ऊन. "आज्जी, सिद्धशिला अशी असेल का गं?" मी काय उत्तर देणार!

जाताना जेवण बरोबर मिळालं. भात, डाळ, फळं. येताना गडबड झाली. विमान रात्री अकराचं, जेवण आलं मध्यरात्री, आणि तिच्या नावावर जैन जेवणाची नोंदच नव्हती. तिनं नाहीतरी रात्री खाल्लं नसतंच. हात जोडून नको म्हणाली. उजाडल्यावर दशम्या संपलेल्या, उरलं होतं भडंग. ते उघडलं आणि वास सुटला, तशी मागच्या-पुढच्या रांगेतली पोरं वाटी धरून आली. "माझ्या वाट्याला दोन मुठी आल्या," नात म्हणाली, "पण आज्जी, असं भडंग मी कधी खाल्लं नव्हतं." मला तर डोळ्यांत पाणी आलं. आनंदीबाईंजवळ, मैत्रिणींनो, दोन मुठी भडंगही नव्हतं.

रात्री झोपताना तिनं विचारलं, "तुझ्या आज्जीची मर्यादा हस्तिनापूरपर्यंत होती. माझी कुठपर्यंत?"

मी तिला १९८१ सालची गोष्ट सांगितली. गोमटेश्वराच्या मूर्तीला हजार वर्षं झाली म्हणून महामस्तकाभिषेक होता. आज्जीबरोबर मी गेले होते. तो माझा पहिला मोठा प्रवास. दक्षिणेच्या मर्यादेत बसणारा, म्हणून तिनं स्वतःच नेलं. इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून भगवंतांवर फुलं उधळली. सगळे वर बघत होते. आज्जीनंही वर बघितलं, हात जोडले आणि म्हणाली, "वर गेलं तरी फुलंच टाकावीत माणसानं."

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. दिग्व्रतात मर्यादा दिशेची घालतात, पण आवर घालायचा असतो हावेला. आज्जीची चौकट तिनं स्वतः आखली होती, ती तिला शोभली. माझी तिनं आखली, म्हणून ती मला टोचली. नातीची नातच आखेल. मी एवढंच सांगितलं, "आखायची मात्र. आणि आखलेली विसरायची नाही."

तिनं वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

ज्यांच्या घरी असं पत्रक आलंय त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. जैन जेवण तिकीट काढतानाच नोंदवा आणि परतीच्या प्रवासाचं वेगळं विचारून घ्या. दशमी, खाकरा, भडंग अंदाजापेक्षा दुप्पट द्या, वाटून खायला लागतं. ताजी फळं देऊ नका, तिकडे उतरताना काढून घेतात. आणि "नको" म्हणण्याआधी एक रात्र जाऊ द्या.